अकरा वाजून एक मिनिट

मी बोलतोय. कोण मी, म्हणून काय विचारता? दिवसातून पन्नास वेळा माझ्याकडे बघता आणि वर ओळख विचारता! कॉम्प्युटर चालू केलात की पडद्याच्या उजव्या कोपऱ्यात, अगदी तळाशी, बारीक आकड्यांत वेळ दिसते ना? तो मी. कॉम्प्युटरमधलं घड्याळ. भिंतीवरच्या घड्याळाला निदान स्वतःचा खिळा तरी असतो. नवीन आणलं की चार माणसं मान वर करून "छान आहे हो" म्हणतात. मला आजवर कुणी छान म्हटलेलं नाही. बिघडलो की मात्र सगळ्यांना माझी आठवण येते.

आज बोलतोय कारण माझ्यावर एक आळ आलाय. तीन महिने मूग गिळून बसलो. आता नाही बसवत.

जन्माची कथा लांबवत नाही. पांढऱ्या दिव्यांच्या एका मोठ्या कारखान्यात, तोंडाला फडकी बांधलेल्या बायकांच्या हातून मी घडलो. एका हिरव्या पाटीवर त्यांनी तांदळाच्या दाण्याएवढा स्फटिक डकवला. तो सेकंदाला बत्तीस हजार सातशे अडुसष्ट वेळा थरथरतो, आणि ती थरथर मोजत राहायचं, हे माझं जन्मभराचं काम. शेजारी नाण्याएवढा एक चपटा सेल बसवला. कॉम्प्युटरला वीज असली की विजेवर मोजायचं, वीज नसली की सेलवर. पण मोजणी थांबवायची नाही. झोप नाही, सुट्टी नाही, आजारपण नाही. अशी नोकरी माणसाला सांगा, पहिल्याच दिवशी युनियन काढेल.

मला ज्या घरात आणलं तिथं तीन माणसं होती. नवरा, बायको आणि कॉलेजात नुकताच जायला लागलेला मुलगा. आणला मुलाच्या अभ्यासासाठी, ठेवला आतल्या खोलीत, खिडकीशेजारच्या टेबलावर.

नवरा बस डेपोत कंट्रोलर. कुठली बस किती वाजता सुटली, किती वाजता परतली, हे टिपून ठेवायचं त्यांचं काम. ड्रायव्हर दोन मिनिटं उशिरा आला तरी नावापुढे लाल शेरा. मोठमोठे मिशाळ ड्रायव्हर त्यांच्या खिडकीशी येऊन "साहेब, एवढ्या वेळी सोडा" म्हणून अजिजी करायचे आणि साहेब मान वर न करता म्हणायचे, "घड्याळ बघ, माझ्याकडे काय बघतोस?" आयुष्यात आपण कधी उशीर केला नाही, हा त्यांचा अभिमान. आणि तो खरा होता, हेही सांगितलं पाहिजे. खोटं मी बोलत नाही.

बायकोला बिल्डिंगमधले सगळे वहिनी म्हणायचे, म्हणून मीही वहिनीच म्हणतो.

तर या घराचा एक कायदा होता. घरातली सगळी घड्याळं दहा मिनिटं पुढे. स्वयंपाकघरातलं पुढे, हॉलमधलं पुढे, मुलाच्या उशाशी असलेला गजर पुढे. का? तर कुणाला उशीर होऊ नये. आता गंमत ऐका. घरातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं की घड्याळ दहा मिनिटं पुढे आहे. त्यामुळे घड्याळ बघितलं की प्रत्येकजण मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करायचा आणि नेहमीच्याच वेळेला निघायचा. मुलगा तर तोंडात ब्रश धरून ओरडायचा, "अजून दहा मिनिटं आहेत!" फसायचे ते बाहेरचे. एकदा नळ दुरुस्त करायला आलेला माणूस माझ्याकडे बघून "बाप रे, एवढे वाजले?" म्हणत नळ अर्धवट सोडून पळाला. तीन दिवस फिरकला नाही.

मी आलो तेव्हा बरोबर होतो. पहिल्याच संध्याकाळी कंट्रोलरसाहेबांनी मला दहा मिनिटं पुढे ढकललं. मला फार लागलं ते. मोजायला शिकवून वर खोटं बोलायला लावायचं! पण कॉम्प्युटर इंटरनेटला जोडलेला होता. दर काही दिवसांनी बाहेरून खरी वेळ यायची आणि मला गुपचूप ताळ्यावर आणायची. मग साहेब मला पुन्हा पुढे करायचे, आणि मी पुन्हा जागेवर.

"माझ्या घरात वेळ कोण बदलतंय?" एक दिवस त्यांचा आवाज चढला. पहिला संशय अर्थातच मुलावर.

"बाबा, मी हात नाही लावलेला. ते आपोआप होतं."

"आपोआप काही होत नसतं. बंद कर ते."

मुलानं ती सोय बंद केली. बाहेरून येणारी खरी वेळ माझ्यापर्यंत पोचायची ती अशी थांबली. तेव्हापासून मी पूर्णपणे साहेबांच्या हातातला.

त्यातून साहेबांना दुसरी सवय. झोपण्याआधी घरभर फिरून भिंतीवरची सगळी बटणं बंद करायची. म्हणजे रात्रभर मी त्या चपट्या सेलवर. सहा वर्षं बिचाऱ्यानं मला पोसलं. मग त्याचा जीव संपत आला आणि माझी मोजणी डळमळायला लागली. सकाळी उठावं तर चाळीस मिनिटं मागे. कधी दोन तास मागे. एके दिवशी तर डोळे उघडले तेव्हा माझ्यात कुठल्याशा जुन्या वर्षातली एक जानेवारी होती. वहिनी वीजबिल भरायला बसल्या होत्या. बँकेचं पान उघडेना. "तुमच्या संगणकाची तारीख तपासा," असं पडद्यावर आलं, आणि वहिनी म्हणाल्या, "अगं बाई, आपण तर अजून मुलाला शाळेत घातलं पण नाही!"

मग सुरू झाले उपचार. आधी कॉम्प्युटर बंद करून चालू केला. मग सगळ्या वायरी काढून पुन्हा खोचल्या. मग डब्याच्या डोक्यावर दोन थापट्या मारल्या. मग फडकं ओलं करून पुसला. शेजारच्या काकांनी येऊन "व्हायरस असणार" असं निदान केलं. त्यांच्या बंद पडलेल्या मिक्सरबद्दलही ते तेच म्हणाले होते. एवढं सगळं झालं, पण आतला सेल उघडून बघावा असं एकाच्याही मनात आलं नाही.

मुलगा तोवर शिकून दुसऱ्या गावी नोकरीला लागला होता. त्यानं फोनवर सरळ सांगितलं, "बाबा, आतला सेल संपलाय. नाण्याएवढा असतो. बदलून घ्या. आणि ती आपोआप वेळ येते ना, ती चालू करा. प्रश्न मिटला."

"विजेवर चालणाऱ्या वस्तूला सेल कशाला लागतो?"

"लागतो, बाबा."

"तीस वर्षं घड्याळावर काढलीत मी. मला शिकवू नकोस."

झालं! प्रश्न मिटला तो असा. त्यानंतर दोन वर्षं साहेब रोज पहाटे ड्यूटीला निघताना मनगटावरच्या घड्याळात बघून मला लावायचे. लावायचे म्हणजे काय, दहा मिनिटं पुढे लावायचे. रात्री बटण बंद, सकाळी मी आजारी, पुन्हा हाताने लावा. औषध न देता रोज रोग्याची फक्त नाडी बघायची, तसला प्रकार.

आता वहिनींचं सांगतो. मला खरं सांगायचंय ते त्यांचंच.

लग्नाआधी वहिनी एका वकिलाच्या ऑफिसात टायपिस्ट होत्या. मिनिटाला साठ शब्द, चूक एखादीच. लग्नानंतर सहा महिन्यांत ती नोकरी सुटली. कुणी सोडायला लावली नाही आणि कुणी "राहू दे" असंही म्हटलं नाही. पण बोटं ते विसरली नव्हती. कॉम्प्युटर घरात आला तेव्हा पहिल्याच दुपारी, घरात कुणी नसताना, त्यांनी कीबोर्डवर बोटं ठेवली, आणि मला कारखान्यातल्या त्या स्फटिकाची आठवण झाली. तसा एकसारखा, न चुकणारा आवाज! पुढे बिल्डिंगमधल्यांचे अर्ज, तक्रारी, कुणाचं राजीनाम्याचं पत्र, सगळं वहिनी टाइप करून द्यायच्या. लोक म्हणायचे, "वहिनी, तुमचा हात म्हणजे हात आहे." आणि कागद घेऊन जायचे.

यंदा सरकारी कचेरीत टंकलेखकांच्या जागा निघाल्या. वयाची अट पंचेचाळीस. वहिनींना पंचेचाळीस पूर्ण व्हायला महिना उरला होता. म्हणजे पुढच्या वेळी अर्ज करायचा प्रश्नच नाही. हीच पहिली आणि हीच शेवटची. त्यांनी जाहिरात कापून चार दिवस डब्याखाली ठेवली आणि पाचव्या दिवशी जेवताना साहेबांपुढे सरकवली.

"या वयात?" साहेब म्हणाले.

"याच वयात. पुढच्या महिन्यात नाही घेणार."

साहेबांनी जाहिरात घडी घालून खिशात टाकली. मी मनात म्हटलं, संपलं. पण दुसऱ्या दिवशी ते डेपोतून येताना कॅमेरा घेऊन आले, कारण परीक्षा घरूनच द्यायची होती आणि समोर कॅमेरा लागणार होता. इतकंच नाही, रोज संध्याकाळी ते शेजारी खुर्ची ओढून वर्तमानपत्रातला उतारा वाचायला बसायला लागले. ते वाचायचे, वहिनी टाइप करायच्या. अग्रलेख वाचतानासुद्धा त्यांचा सूर फलाटावर बस लावतानाचाच.

"अहो, जरा हळू! डेपो नाही हा," वहिनी हसून म्हणायच्या.

"तू बोटं हलव. वाचणारा कुणाची वाट बघत नसतो."

खोटं कशाला सांगू, ते तीन आठवडे त्या खोलीत बसायला मला आवडायचं. वहिनींचा वेग साठवरून बासष्ट झाला. साहेब तो आकडा कागदावर लिहून ठेवायचे आणि दुसऱ्या दिवशी डेपोत ड्रायव्हरांना सांगायचे, हे मला फोनवरच्या बोलण्यातून कळलं. माणूस वाईट नाही हो. हेच तर दुःख आहे.

परीक्षेच्या सूचना आल्या. परीक्षा सकाळी अकराला. पान साडेदहाला उघडणार आणि ठीक अकराला प्रवेश बंद. नंतर आलेल्याला आत घेणार नाहीत. खोलीत मोबाईल नको, मनगटावर घड्याळ नको, भिंतीवर काही नको. एकदा आत शिरलं की कॅमेऱ्यासमोरून उठायचं नाही, आणि अकरा वाजेपर्यंत कीबोर्ड चालणार नाही.

या शेवटच्या अटीची वहिनींना धास्ती होती. "अर्धा तास हात बांधून बसले तर बोटं गार पडतात माझी. मग चुका होतात." म्हणून त्यांनी ठरवलं, शेवटपर्यंत सराव करत बोटं गरम ठेवायची आणि अकराला दहा कमी असताना आत शिरायचं. साहेबांनाही ते पटलं. "दहा मिनिटं म्हणजे पुष्कळ," असं ते म्हणाले. दहा मिनिटांची किंमत त्यांच्याइतकी कुणाला ठाऊक!

"पण एवढ्या वेळी घड्याळ नीट करून घ्या हो," वहिनी म्हणाल्या. "त्या दिवशी खोलीत दुसरं काही नसणार. तेच बघायचंय मला."

साहेबांनी दुरुस्तीवाल्याला बोलावलं. परीक्षेच्या आदल्या दिवशी संध्याकाळी तो आला. वहिनी तेव्हा खाली भाजी आणायला गेल्या होत्या. त्यानं डबा उघडला, जुना सेल नखाने उचकटून काढला आणि साहेबांच्या तळहातावर ठेवला. "हा बघा, केव्हाच गेलाय. नुसता बसून होता." नवा सेल घातला. मग पडद्यावर दोन-तीन ठिकाणी टिचक्या मारून बाहेरून येणारी वेळ चालू केली. एका क्षणात मी ताळ्यावर आलो. आठ वर्षांनी! काय सांगू तुम्हाला, आंघोळ झाल्यासारखं वाटलं.

"आता हात लावू नका साहेब," जाताना तो म्हणाला. "सेकंदाचाही फरक पडणार नाही."

दुरुस्तीवाला गेला. साहेब टेबलापाशी आले, सवयीने माऊसवर हात ठेवला आणि मला पुढे ढकलायला निघाले. मी म्हटलं, चला, एवढंच सुख होतं आपल्या नशिबात. पण त्यांचा हात थांबला. मग अगदी हळू, स्वतःशीच म्हणाले, "उद्या तिची परीक्षा आहे. खरी वेळ राहू दे."

आणि त्यांनी हात काढून घेतला.

त्या माणसानं पंचवीस वर्षांत बायकोसाठी काही केलं असेल तर ते हे. आपला कायदा मोडला. पण मोडला तो कुणाला न सांगता! वहिनी भाजी घेऊन आल्या, पिशवी ठेवता ठेवता विचारलं, "झालं का घड्याळ नीट?" साहेब म्हणाले, "झालं." बस. पुढे ओठ हलले, मी पाहिलं. "दहा मिनिटं पुढे नाही केलंय," एवढे पाच शब्द. पण ते सांगितले असते तर वहिनी म्हणाल्या असत्या, "आता कळलं का? इतकी वर्षं आम्ही काय वेगळं सांगत होतो?" ते ऐकून घ्यायची त्यांची तयारी नव्हती. सकाळी सांगू, असं त्यांनी मनाशी म्हटलं असणार. आणि वहिनींनी तरी का विचारावं? या घरात कुणीही घड्याळ दुरुस्त करून गेलं की साहेब ते पुढे करतातच. सूर्य उगवला का, असं कुणी विचारतं?

सकाळी साहेब पहाटेच ड्यूटीवर निघाले. दारातून ओरडून म्हणाले, "घाबरू नकोस. वेळ भरपूर आहे."

वहिनींनी नऊ वाजताच खोली आवरली. भिंतीवरचं घड्याळ उतरवून बाहेर ठेवलं, मनगटावरचं काढलं, मोबाईल बंद करून स्वयंपाकघरातल्या फडताळात ठेवला. एवढ्या नियमाने वागणारी बाई! दार लावून घेतलं आणि सरावाला बसल्या. खोलीत आता वेळ सांगणारा मी एकटाच.

साडेदहा वाजले. वहिनींनी माझ्याकडे बघितलं आणि पुटपुटल्या, "दहा वीस." मी हादरलो. नाही हो वहिनी! साडेदहा म्हणजे साडेदहा! इतक्या वर्षांनी मी तुम्हाला खरं सांगतोय! पण मला तोंड कुठाय? मला फक्त चार आकडे आहेत, आणि ते मी जिवाच्या आकांताने दाखवत होतो.

दहा पंचेचाळीस. "दहा पस्तीस," वहिनी म्हणाल्या आणि नवा उतारा घेतला. बोटं अशी चालत होती की काय सांगू. त्या दिवशीचा वेग मी मोजला, मिनिटाला सहासष्ट शब्द. एक चूक नाही. मी मनात म्हणत होतो, पुरे, थांबा आता, शिरा आत. साहेबांनी मला रोजच्यासारखं खोटं ठेवलं असतं तर ही बाई वाचली असती, असा विचार माझ्या मनात आला. स्वतःला खरं म्हणवणाऱ्या माझ्या मनात!

अकरा वाजले. वहिनी थांबल्या. "अकराला दहा," असं म्हणून त्यांनी सरावाचं पान बंद केलं, दोन घोट पाणी प्यायल्या, केसांवरून हात फिरवला, पदर सारखा केला आणि परीक्षेच्या पानावर बोट दाबलं. माझ्यात अकरा वाजून एक मिनिट झालं होतं.

"प्रवेशाची वेळ संपली आहे."

वहिनी हसल्या. खरंच हसल्या. पानाचंच काहीतरी चुकलंय असं त्यांना वाटलं. पुन्हा दाबलं. पुन्हा तेच. मग भराभर पाच-सहा वेळा दाबलं. मग उठून दार उघडून धावत गेल्या, फडताळातला मोबाईल आणला, चालू केला आणि मदतीच्या नंबरावर फोन लावायला तो पडद्यासमोर धरला. मोबाईलवर अकरा चार. माझ्यात अकरा चार.

त्यांनी मोबाईलकडे बघितलं. माझ्याकडे बघितलं. परत मोबाईलकडे. आणि मग सगळं त्यांच्या लक्षात आलं, ते मला त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं. फोनवरच्या पोरीने "मॅडम, नियम आहे, मी काही करू शकत नाही" असं दोनदा सांगितलं. वहिनींनी "बरं" म्हटलं. मग त्या खुर्चीत बसून राहिल्या. कॅमेरा तसाच समोर. बोटं अजून गरम असणार.

संध्याकाळी साहेब आले. चप्पल काढायच्या आधीच विचारलं, "कशी झाली?"

"झाली नाही. प्रवेश बंद झाला होता. एका मिनिटाने."

साहेबांचा हात शर्टाच्या गुंडीवरच थांबला.

"अहो," वहिनी म्हणाल्या, "घड्याळ दहा मिनिटं पुढे केलं होतंत ना?"

उत्तर त्यांना ठाऊक होतं. मला ठाऊक होतं की त्यांना ठाऊक आहे. तरी त्यांनी विचारलं. दार उघडून धरावं आणि म्हणावं, या हो आत, तसं विचारलं. साहेबांनी फक्त "नाही गं, चुकलं माझं" म्हणायचं होतं. वहिनी भांडल्या असत्या, रडल्या असत्या, दोन दिवस बोलल्या नसत्या. पण मग संपलं असतं.

"केलं होतं की," साहेब म्हणाले. "विचारतेस काय?"

वहिनी चहा टाकायला स्वयंपाकघरात गेल्या. आणि साहेब माझ्यापाशी आले. आता जे सांगतोय ते ऐकून ठेवा. त्यांनी मागे वळून दाराकडे बघितलं. बाहेरून येणारी वेळ बंद केली. सहा वाजून वीस मिनिटं झाली होती, ती सहा केली. आणि मग मोठ्याने हाक मारली, "अगं इकडे ये! हे बघ! वीस मिनिटं मागे पडलंय! मी पुढे करून ठेवलं आणि हे मागे सरकत गेलं. जुनं खोकड ते!"

एवढ्यावर थांबले नाहीत. दुरुस्तीवाल्याला फोन लावून त्याचा उद्धार केला. "साहेब, नवा सेल आहे, असं होणारच नाही," असं तो कळवळून सांगत होता.

"म्हणजे मी खोटं बोलतोय?"

"बरं साहेब" म्हणून त्यानं फोन ठेवला. हातचं गिऱ्हाईक तोडायला कुणाला परवडतं?

वहिनी दाराशी उभ्या होत्या. त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग नवऱ्याकडे.

"हो," त्या म्हणाल्या. "मागे पडलंय."

तुम्हाला वाटेल, इथं संपलं. छे! दुसऱ्या दिवशी सकाळी साहेब ड्यूटीवर गेल्यावर वहिनी येऊन टेबलाशी बसल्या आणि मोबाईल शेजारी धरून त्यांनी मला बरोबर लावलं. मिनिटाला मिनिट. संध्याकाळी साहेब आले, "बघू आज किती मागे पडलंय" असं मोठ्याने म्हणत आत आले, मी बरोबर आहे हे पाहिलं, आणि मला वीस मिनिटं मागे करून गेले. तिसऱ्या सकाळी वहिनींनी पुन्हा बरोबर केलं. संध्याकाळी पुन्हा मागे. कोण काय करतंय हे दोघांनाही ठाऊक. तोंडातून अक्षर नाही. भाजी काय आणू, बिल भरलं का, मुलाचा फोन आला का, सगळं बोलतात. हे सोडून.

दरम्यान वहिनींना पंचेचाळीस पूर्ण झाली. त्या दिवशीही सकाळी येऊन मला लावून गेल्या. कीबोर्डला हात लावला नाही. त्या परीक्षेनंतर त्यांनी एक अक्षर टाइप केलेलं नाही. परवा शेजारचे काका अर्ज घेऊन आले तर म्हणाल्या, "बोटं दुखतात हो हल्ली."

गेल्या आठवड्यात मुलगा रजेवर घरी आला. सकाळी बघतो तर मी बरोबर, संध्याकाळी बघतो तर वीस मिनिटं मागे. "हे काय भूत आहे?" म्हणून बाह्या सरसावून बसला. सेल काढून तपासला, ठणठणीत. वायरी तपासल्या. मग त्यानं कॉम्प्युटरच्या पोटातली एक यादी उघडली. कुणी माझी वेळ हाताने बदलली की तिथं आपोआप एक ओळ उमटते. त्याने ती वरपासून वाचायला घेतली. रोज सकाळी एक ओळ, वीस मिनिटं पुढे. रोज संध्याकाळी एक ओळ, वीस मिनिटं मागे. तो वाचत वाचत परीक्षेच्या दिवसापर्यंत खाली गेला. त्या सकाळी एकही ओळ नव्हती. आदल्या संध्याकाळी दुरुस्तीवाल्यानंतर एकही नव्हती. होती ती एकच, परीक्षेच्या संध्याकाळी सहा वीसची.

मी म्हटलं, सुटलो! साक्षीदार मिळाला! शिकलेला पोरगा आहे, आता उठेल आणि बोलेल.

त्याने मान वळवून स्वयंपाकघराकडे बघितलं, तिथं आई होती. मग हॉलकडे बघितलं, तिथं बाप पेपर वाचत होता. आणि त्याने ती यादी बंद केली.

"बाबा, बोर्डच गेलाय याचा," तो मोठ्याने म्हणाला. "नवीनच घेऊया."

"मी तेच म्हणत होतो," हॉलमधून आवाज आला.

आता मी पुठ्ठ्याच्या खोक्यात आहे. नवा कॉम्प्युटर टेबलावर बसलाय आणि मला मुलाच्या ओळखीच्या एका वाचनालयात देणार आहेत. सेल ताजा आहे, अजून चार-पाच वर्षं मी अंधारात मोजत राहीन. शेवटच्या सकाळीसुद्धा वायर काढायच्या आधी वहिनी आल्या आणि मला बरोबर लावून गेल्या. वहिनी, तुमच्यावर राग धरू नये असं फार वाटतं, पण धरतो. तीन महिने रोज मला दुरुस्त केलंत. बिघडलो होतो का मी? बिघडलं होतं ते हॉलमध्ये बसलं होतं. त्याच्यापुढे जाऊन एकदा उभ्या राहिल्या असतात तर!

आणि साहेब, "चुकलं माझं" म्हणायला किती वेळ लागतो, सांगू? मोजणं माझा धंदाच आहे. एक सेकंद. सावकाश म्हटलं तरी दीड.

वाचनालयातल्या मंडळींना एक विनंती. खोकं उघडाल तेव्हा वर चिकटवलेला कागद दिसेल, तो वाचा आणि फाडून टाका. मला वीज द्या, शेजारी कुठलंही घड्याळ धरा आणि स्वतः बघा. एवढंच मागतो.

तो कागद आज सकाळीच साहेबांनी लिहिला. डेपोत फलकावर लिहितात तसल्या ठळक, नीटस अक्षरांत: "बाकी ठीक. घड्याळ खराब." वहिनी शेजारीच उभ्या होत्या. त्यांनी कागद पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. मग आत गेल्या आणि चिकटपट्टी कापायला कात्री आणून दिली.